तोरणमाळचा घाट आणि विंचवाची गाडी

शहाद्याहून निघून म्हसावद, राणीपूर मागे टाकलं की तोरणमाळचा चढ लागतो. पाच माणसं बसवून जुनी प्रीमियर पद्मिनी या घाटात घातली, तर सात पायरीच्या वळणांवर पहिला गिअर टाकावाच लागणार. ‘गाडीत दम नाही’ असं आपण म्हणतो, आणि गंमत म्हणजे शास्त्राच्या दृष्टीनंही ते शब्दशः खरं आहे.

साधा हिशोब करू. गाडी माणसांसकट 1,200 किलोची, चढ शंभर मीटरला आठ मीटर आणि वेग ताशी 40 किलोमीटर. नुसतं वजन वर उचलायलाच सुमारे 14 अश्वशक्ती लागते. पद्मिनीचं 1,089 सीसीचं इंजिन 40 अश्वशक्तीचं, मग अडतं कुठे? हे 40 मिळतात ते इंजिन भरपूर फेऱ्यांवर पळवलं तरच. वळणावर वेग मोडला की फेरे पडतात आणि ताकदही पडते. त्यात तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,150 मीटरवर. तिथली हवा साधारण दहा टक्क्यांनी विरळ. कार्बोरेटरला याचा पत्ता नसतो. तो पेट्रोल सोडतच राहतो, धूर काळा होतो आणि पिकअप आणखी बसतो.

पद्मिनी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट 1100. तिच्याच इटालियन भावंडांवर कार्लो आबार्थ नावाच्या माणसानं आयुष्य घालवलं. जन्म 1908 चा, व्हिएन्नातला. रास वृश्चिक, म्हणून 1949 मध्ये काढलेल्या कंपनीचं चिन्ह विंचू. कंपनी तगली ती शर्यतींच्या बक्षिसांपेक्षा सायलेन्सर विकून. आबार्थचा सायलेन्सर आतून जवळजवळ सरळ नळी. तिला भोकं पाडलेली, आवाज शोषायला भोवती तंतू भरलेले. जळलेला वायू अडखळत नाही, लवकर बाहेर पडतो, आणि त्याची जागा ताजी हवा घेते. आपल्याकडे मात्र सायलेन्सर बदलणं म्हणजे गल्ली दणाणून सोडणं असा समज आहे, तो निराळा.

दांते जाकोसानं आखलेली फियाट 600 ही 1955 ची घरगुती गाडी. इंजिन मागे, 633 सीसीचं, ताकद विशीच्या थोडी वर. आबार्थनं तिचा सिलिंडर जेमतेम 1 मिलिमीटर रुंद केला, दट्ट्याची धाव 8 मिलिमीटरनं वाढवली, कार्बोरेटर मोठा बसवला. झाली 747 सीसी, आणि ताकद चाळिशीच्या आसपास. म्हणजे जवळपास पद्मिनीइतकी, पण बऱ्याच लहान इंजिनातून आणि कितीतरी हलक्या गाडीत. माझ्या मते ‘स्पोर्टी’ या शब्दाचा अर्थ इथे आहे. कमाल वेगात नाही, तर दर किलोमागे किती अश्वशक्ती यात. आबार्थला हे इतकं पटलं होतं, की 1965 मध्ये विक्रमासाठीच्या चिंचोळ्या गाडीत बसता यावं म्हणून त्यानं वयाच्या 57 व्या वर्षाच्या सुमारास स्वतःचंच वजन सुमारे 30 किलोनं उतरवलं. सफरचंदं खाऊन, असं सांगतात.

1971 मध्ये फियाटनं कंपनी विकत घेतली. विंचू महाराष्ट्रात आला तो 2015 मध्ये, पुण्याजवळच्या रांजणगावात. आबार्थ पुंटो तिथे बनली. 1.4 लिटरचं पेट्रोल इंजिन, 145 अश्वशक्ती. युक्ती टर्बोची. बाहेर पडणाऱ्या वायूनं एक पातं फिरतं, मिनिटाला लाखाहून जास्त फेरे. त्याच दांड्यावरचं दुसरं पातं हवा दाबून इंजिनात भरतं. दाबलेली हवा तापते, म्हणून वाटेत तिला थंड करतात. घाटात याचा फायदा ठळक. बाहेरची हवा विरळ झाली तर पातं थोडं जास्त वेगानं फिरून तूट बरीचशी भरून काढतं. पद्मिनीला जे जमत नव्हतं, ते हेच.

आबार्थ पुंटोचं शरीर मात्र जुनंच होतं, जॉर्जेटो जुजारोचा हात लागलेल्या 2005 च्या ग्रांदे पुंटोचं. पुढचं लांबट नाक, मागे उंच चढत गेलेली खिडक्यांची रेघ. ते आजही देखणं वाटतं. चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले आणि गाडी खाली बसवली. वळणावर ती कमी कलते, कारण वजनाचा मध्य जमिनीजवळ येतो. पण आपल्या गतिरोधकांवर हीच हुशारी पोटाला घासते. रस्ता न बघता केलेली रचना अर्धीच, असं मला वाटतं. गाडी फार खपली नाही.

खपलं ते दुसरंच इटालियन डोकं. 1.3 लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन, 1,248 सीसीचं, हेही फियाटचं. मारुतीच्या स्विफ्टमध्ये, डिझायरमध्ये, टाटाच्या व्हिस्टात तेच. एका ज्वलनासाठी डिझेलचे अनेक बारीक फवारे मारायचे, म्हणजे दाब एकदम चढत नाही आणि खडखडाट कमी होतो. टर्बो याही इंजिनाला आहे. सुमारे 2,000 फेऱ्यांवरच 190 न्यूटन-मीटर जोर मिळतो. पद्मिनीचे फेरे जिथे पडायचे, तिथे याची ताकद सुरू होते. त्याखाली मात्र ते मंद, हे डिझेल डिझायर चालवणाऱ्या कुणालाही विचारा. एप्रिल 2020 मध्ये प्रदूषणाचे बीएस-6 नियम लागू झाले, आणि हे इंजिन त्या नियमांत बसवण्याऐवजी मारुतीनं डिझेल गाड्याच बंद केल्या. जुन्या डिझायर मात्र घाटात अजून दिसतात, बॉनेटखाली इटालियन हिशोब घेऊन.