अर्धी राहिलेली ‘दौलत’

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषयाचे बंधन घातले नाही. मात्र ‘यंदा लसीकरणावर नको’ एवढी प्रेमळ सूचना केली. गेली कित्येक वर्षे मी या पानांवर गोवर, अतिसार आणि दात येण्याच्या काळातील ताप यांविषयीच लिहीत आले आहे, तेव्हा त्या सूचनेमागची व्यथा मी समजू शकते. म्हणून यंदा एक कबुली देते. गेले आठ महिने मी रोज रात्री प्रेमकथा वाचते आहे, आणि त्याही मोठ्याने.

याचे कारण माझ्या सासूबाई. त्यांना आता पंच्याऐंशीवे वर्ष चालू आहे. दोन्ही डोळ्यांना मॅक्युलर डीजनरेशन झाले असून, आमच्या नेत्रतज्ज्ञ स्नेह्यांनी इंजेक्शने देऊन जेवढे राखता आले तेवढे राखले. या विकाराची चमत्कारिक गोष्ट आपण सारे जाणतोच: कडेचे दिसते, मधले दिसत नाही. सासूबाईंना दाराची चौकट दिसते, तुळशीवृंदावन दिसते. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा आणि पुस्तकातली ओळ तेवढी दिसत नाही. जन्मभर वाचणाऱ्या बाईला याहून क्रूर शिक्षा कोणती असेल? नातवाने हौसेने मोबाइलवर पुस्तके ऐकण्याची सोय करून दिली. दोन दिवस ऐकून त्या म्हणाल्या, “त्या बाईला कुठे थांबावं ते कळत नाही रे.”

मग मी वाचून दाखवीन असे ठरले. माझ्या मनात अर्थातच ‘ज्ञानेश्वरी’ होती. त्या म्हणाल्या, “ती मला येते. तू मांडवीच्या लायब्ररीतून फडक्यांची ‘दौलत’ आण.”

मी चकितच झाले. कारण विचारले तेव्हा जे कळले ते आमच्या लग्नाला तीस वर्षे होत आली तरी मला, आणि विशेष म्हणजे त्यांच्या मुलालाही, ठाऊक नव्हते. साताऱ्यास असताना, सोळाव्या वर्षी, मैत्रिणीच्या नावावर वाचनालयातून आणलेली ‘दौलत’ त्या माजघरात बसून वाचीत होत्या. निम्मी झाली असेल नसेल, थोरल्या भावाच्या दृष्टीस पडली. त्याने एक अक्षर न बोलता पुस्तक अंघोळीच्या बंबात घातले. वाचनालयाला किंमत भरावी लागली ती निराळीच. पुढे १९६० साली लग्न होऊन त्या वडोदऱ्यास, राजमहाल रोडवरच्या भरल्या घरात आल्या. “मग आणून वाचली का नाही?” या माझ्या प्रश्नावर त्या हसल्या. “अगं, आधी लाज वाटली, मग सवड नव्हती, मग विसरले. आता दिसेनासं झाल्यावर आठवायला लागलंय.”

मांडवीचे मध्यवर्ती ग्रंथालय आपल्यापैकी अनेकांनी विद्यार्थिदशेनंतर पाहिलेले नसेल, म्हणून मुद्दाम सांगते. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून ग्रंथालयांची जी चळवळ उभी केली, तिचा हा मानबिंदू. पोलादी मांडण्या, आणि वरचा उजेड खालच्या मजल्यावर झिरपावा म्हणून काचेच्या लाद्यांची जमीन. एम.बी.बी.एस.च्या वर्षांत मी तिथे गेले ती पंख्याखाली बसायला. या वेळी प्रथमच पुस्तकासाठी गेले. ‘दौलत’ मिळाली. पाने पिवळी पडलेली, कोपरे तुटके, पण शेवटच्या पानापर्यंत शाबूत.

ना. सी. फडके यांच्याविषयी माझे मत, खरे सांगायचे तर, न वाचताच बनलेले होते. टेनिस खेळणारा नायक, झुळझुळीत पातळ नेसलेली नायिका, बंगला, मोटार आणि गोड गैरसमज, एवढीच त्यांची ओळख समीक्षकांच्या कृपेने आमच्या पिढीस झाली. ‘कलेसाठी कला’ म्हणणारे फडके आणि ‘जीवनासाठी कला’ म्हणणारे खांडेकर, या वादात शाळेपासूनच आम्ही खांडेकरांच्या बाजूला बसवलेलो होतो. ‘दौलत’ १९२९ सालची. मोठ्याने वाचताना पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की हा मनुष्य वाक्य फार स्वच्छ लिहितो. मराठी प्रौढ गद्य वाचताना श्वास कुठे घ्यावा असा प्रश्न मला अनेकदा पडतो. फडक्यांच्या पानावर तो एकदाही पडला नाही. दुसरे म्हणजे प्रकरण कुठे तोडावे याचे त्यांचे ज्ञान. रात्रीचे साडेदहा झालेले, सकाळी सात वाजता नवजात शिशु विभागात फेरी, आणि सासूबाई म्हणणार, “एवढं एक होऊ दे.” ही काही दैवी देणगी नव्हे, कादंबरीचे तंत्र शिकवता येते असे मानून त्यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ हा ग्रंथच लिहिला. तंत्र म्हटले की आपल्याकडे नाक मुरडतात. शिरेत सुई नीट जाणे हेही तंत्रच आहे. ज्याच्या बाळाला टोचायचे असते तो नाक मुरडत नाही.

आणि एक माहिती खास आपल्या व्यवसायबंधूंसाठी. याच फडक्यांनी १९२७ साली भारतातील लैंगिक प्रश्न आणि संततिनियमन यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले असून त्यास मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना आहे. त्यातील सुप्रजननाचा विचार आज आपल्याला पटणार नाही, पटूही नये. तथापि गोड गुलाबी कथा लिहिणारा लेखक त्या काळी प्रसूतिगृहाच्या दाराशीही येऊन उभा राहिला होता, हे मला नवीन होते.

तीन आठवड्यांनी ‘दौलत’ संपली. मी पुस्तक मिटले आणि मोठ्या उत्सुकतेने सासूबाईंकडे पाहिले. जवळजवळ सत्तर वर्षांची प्रतीक्षा फळास आली होती. त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “एवढंच होय?” आणि नंतर, काहीशा ओशाळून, “मी मनात निराळा शेवट केला होता.” तो कोणता, हे त्यांनी अजून सांगितलेले नाही.

त्यानंतर आम्ही थांबलोच नाही. मध्यंतरी वसतिगृहातली एक पत्र्याची पेटी उघडली तेव्हा तीत बेटी नील्सची चार पुस्तके निघाली. मिल्स अँड बून हे नाव घेताच आपल्यातील कित्येक भगिनी आता गालातल्या गालात हसतील. ड्यूटीच्या रात्री उशीखाली काय असे, ते शपथेवर सांगायची वेळ येऊ नये! ही लेखिका स्वतः परिचारिका. निवृत्तीनंतर, साठीच्या उंबरठ्यावर लिहू लागली. पहिले पुस्तक १९६९ साली आले आणि पुढे तिने १३४ कादंबऱ्या लिहिल्या. पती डच, त्यामुळे तिचे नायक बहुधा उंचेपुरे, श्रीमंत, अबोल डच डॉक्टर. त्यातील एक मी सासूबाईंना तोंडी मराठी करून सांगितली. त्यांचा एकच आक्षेप होता: “या डॉक्टरला चहा प्यायला इतका वेळ कसा मिळतो? तुला तर जेवायला मिळत नाही.” आक्षेप बिनतोड आहे. त्या पुस्तकांविषयी अधिक लिहिण्यासारखे माझ्यापाशी नाही. आनंद मात्र पुष्कळ दिला.

विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’ हाती घेताना मी थोडी कचरले होते. १९३९ साली प्रसिद्ध झालेली ही छोटी कादंबरी. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेल्या बोटीवर, मायदेशातून हाकलल्या गेलेल्या जर्मन ज्यूंमध्ये हॅर्टा आहे. प्रेमात एकदा पोळलेला चक्रधर मुंबईला परतणारा. बोटीचा प्रवास संपेपर्यंतचेच काय ते दिवस त्यांच्या हाती. त्या काळी व्हिसावाचून उतरता येईल असे शांघाय हे जगातील अगदी थोड्या बंदरांपैकी एक होते आणि हजारो ज्यू कुटुंबे तिकडे गेली, हा इतिहास आज आपल्याला माहीत आहे. बेडेकरांनी तो घडत असतानाच लिहिला. पुढे छळछावण्यांत काय होणार हे लेखकालाही ठाऊक नव्हते. या कादंबरीत प्रेम आहे, पण गोडवा नाही. चक्रधर वाईट मनुष्य नव्हे, तो केवळ ठरवत नाही. मला ते फार ओळखीचे वाटले. अतिदक्षता विभागात कित्येक आयुष्ये कुणाच्या दुष्टपणाने नव्हे, तर ‘सकाळपर्यंत पाहू’ या दोन शब्दांनी हातची जातात. शेवट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगत नाही. शेवटची पाने वाचताना माझा आवाज बसला. सासूबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि त्या रात्री ‘अजून एक प्रकरण’ असे काही म्हणाल्या नाहीत.

मग आली मिलिंद बोकील यांची ‘शाळा’, २००४ सालची. आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि त्याची शिरोडकर. हिच्यावर चित्रपटही निघाला, तेव्हा कथा पुष्कळांना माहीत आहे. मुलांच्या डॉक्टरने ही कादंबरी पाठ्यपुस्तकाच्या शेजारी ठेवावी असे मी म्हणेन. भावनांची केंद्रे पौगंडावस्थेच्या प्रारंभीच जागी होतात आणि विवेकाचा ताबा असलेला मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो, हे आपण व्याख्यानांत सांगतो. बोकिलांनी त्यातला एकही शब्द न वापरता ते चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडून सांगितले आहे. एका मुलीला नुसते पाहता यावे म्हणून मुलगा किती व्यूह रचतो! आणि ही गोष्ट मोठ्यांच्या कानी गेली की मुलांच्या वाट्याला काय येते, तेही त्यात आहे.

त्या पानांवर मी अडखळले. सासूबाईंनी विचारले तेव्हा त्यांना जे सांगितले ते येथेही लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बऱ्याच वर्षांपूर्वी चौदा वर्षांची एक मुलगी वारंवार पोट दुखते म्हणून माझ्याकडे आणली गेली. शाळकरी मुलांपैकी दहातील एकाला अशी पोटदुखी असते आणि बहुतेकांत शारीरिक कारण सापडत नाही, हे जॉन ॲप्ली यांनी १९५८ सालीच दाखवून दिले आहे. सोनोग्राफी, रक्त, लघवी, सारे निर्दोष. तिसऱ्या भेटीत आईने पर्समधून वहीचा एक फाडलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. “हे बघा, हे पोटात दुखतंय हिच्या.” तो एका मुलाला लिहिलेला, न दिलेला मजकूर होता. मी तो वाचला. मुलीच्या समोर वाचला. आणि आईकडे पाहून हसले. चांगल्या मनाने हसले, ‘या वयात असे व्हायचेच, काळजी करू नका’ एवढ्याच अर्थाने. मुलगी भिंतीकडे पाहत होती. चौथ्या भेटीला ते आले नाहीत. काही महिन्यांनी कळले की तिने घरातल्या गोळ्या खाल्ल्या होत्या. ती वाचली, दुसऱ्या डॉक्टरांनी वाचवली. मला कोणी दोष दिला नाही. देण्यासारखे कोणाला काही दिसलेच नव्हते.

किशोरवयीन रुग्णाशी काही वेळ एकट्याने बोलावे, जे ऐकले ते गुप्त राखावे, घर, शाळा, मित्र, मन यांविषयी क्रमाने विचारावे, हे आता सारे जण शिकवतात. मीही निवासी डॉक्टरांना शिकवते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानंतर त्या गुप्ततेला मर्यादा आल्या आहेत आणि कुठे थांबून मुलाला आधीच सावध करावे, हा आपल्यापैकी प्रत्येकाला पडणारा पेच आहे. पण त्या दिवशी कायदा आड आला नव्हता. तो कागद घडी करून मुलीच्या हातात परत देणे एवढेच करायचे होते.

सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, “दादानं पुस्तक जाळलं त्याचं मला एवढं काही वाटलं नाही गं. संध्याकाळी जेवताना सगळ्यांना सांगून हसला, ते राहिलं.”

‘शाळा’ आम्ही दोन दिवसांनी पुढे सुरू केली आणि पुरी केली.

सध्या गुजरातीची पाळी आहे. इतकी वर्षे या भूमीचे मीठ खाऊन पन्नालाल पटेल यांची ‘मळेला जीव’ वाचली नव्हती, याची खंत वाटते. नाव ऐकताच सासूबाई म्हणाल्या, “मळलेला जीव? हे कसलं नाव?” मळवुं म्हणजे भेटणे, जुळणे, हे भाजीबाजारात रोज बोलणाऱ्या आम्हां दोघींच्याही पुस्तकाच्या वेष्टनावर लक्षात आले नाही, इतके मराठीपण अंगात मुरलेले! १९४१ सालच्या या कादंबरीत पाटीदारांचा कानजी आणि नाभिकाची जीवी जत्रेत, चगडोळ्यात भेटतात. जात आड येते. मग कानजी जे करतो ते कोणत्याही फडके-नायकाला सुचले नसते: जीवी निदान नजरेसमोर राहावी म्हणून तो तिचे लग्न आपल्याच गावच्या धुळा नाभिकाशी लावून देतो. पुस्तकातली गावठी बोली मला अर्धी कळते. मी वाचते, अडते, मराठीत सांगते, आणि अडले की सकाळी कामाला येणाऱ्या बाईंना शब्द विचारून ठेवते. त्याही आता रोज पुढे काय झाले ते विचारतात.

काल रात्री आम्ही जीवी धुळाच्या घरी आली तिथपर्यंत पोचलो. सासूबाई कानजीवर अतिशय संतापल्या आहेत. “याच्यापेक्षा तुझा तो बोटीवरचा परवडला,” असे म्हणून त्यांनी दिवा मालवायला सांगितला, आणि मी दाराशी पोचले तोच अंधारातून विचारले, “उद्या तुझी रात्रपाळी तर नाही ना?”