मेंदूतील मेदार्बुदे : उत्पत्ती आणि उपचारविवेक

डोक्यास इजा झाली म्हणून सी. टी. स्कॅन करावा आणि त्यात मेंदूच्या मध्यरेषेवर मेदाची एखादी गाठ अनपेक्षितपणे दिसावी, असे कधी कधी घडते. ‘मेंदूत गाठ’ एवढे ऐकूनच रुग्णाचा धीर खचतो. वस्तुतः हे मेदार्बुद, म्हणजेच लायपोमा, बहुधा निरुपद्रवी असते. त्याचे कारण त्याच्या उत्पत्तीत सापडते.

अर्बुद हे नाव रूढ असले, तरी हे खरे अर्बुद नव्हे. ती जन्मजात विकृती होय. भ्रूणाच्या मेंदूभोवती आदिम आवरणाचे ऊतक असते. ते विरून गेल्यावर तेथे मस्तिष्कद्रवाच्या पोकळ्या निर्माण होतात. त्याचा काही अंश शिल्लक राहून मेदात परिणत झाला, म्हणजे मेदार्बुद तयार होते, ही उपपत्ती आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या महासंयोजी पिंडालगत ते विशेषेकरून आढळते, व अशा वेळी तो पिंडही पुष्कळदा अपूर्ण असतो. म्हणून रुग्णास झटके येत असल्यास त्यांचा दोष केवळ मेदावर ठेवणे युक्त नव्हे.

निदान बहुधा सुलभ असते. हाउन्सफील्ड मापात पाण्याचा अंक ० मानतात; मेदाचा अंक सुमारे −५० ते −१०० असतो. एम. आर. आय.च्या टी-१ प्रतिमेत मेद तेजस्वी दिसतो. मात्र काही दिवसांपूर्वी साकळलेले रक्तही तसेच दिसते. अशा वेळी मेदाचा संकेत दाबणारी प्रतिमा घ्यावी. तीत मेद काळवंडतो, रक्त तेजस्वीच राहते. डर्मॉइड पुटीतही मेद असतो आणि ती फुटू शकते. म्हणून तिचा भेद ओळखणे अगत्याचे आहे.

उत्पत्तीचे ज्ञान उपचारातही उपयोगी पडते. द्रवाच्या पोकळ्यांतून जाणाऱ्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू या गाठीच्या कडेने न जाता पुष्कळदा तिच्यातूनच जातात. त्यामुळे ती काढू पाहणारी शस्त्रक्रिया गाठीहून अधिक घातक ठरू शकते. क्वचित द्रवाचा मार्ग अडून मेंदूत पाणी साचले, तरी गाठीस हात न लावता द्रवास दुसरी वाट करून देणे बहुधा श्रेयस्कर असते.

यावरून स्पष्ट होईल की, प्रतिमेत काही दिसणे आणि रोग असणे या भिन्न गोष्टी आहेत. निदानपत्रात हा भेद स्पष्ट शब्दांत नोंदविला, तर रुग्ण निष्कारण भयापासून व अनावश्यक शस्त्रक्रियेपासून वाचेल.