महिना आधी, मुलूख मग

२४ एप्रिल १४९८ रोजी वास्को द गामाची गलबतं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं मालिंदी सोडून निघाली. वाटाड्या जाणकार होता, वारा पाठीशी होता. तेवीस दिवसांत मलबारचे डोंगर दिसू लागले. परतीचा घाट मात्र त्याने ऑगस्टअखेरच घातला. कालिकत सोडून, किनाऱ्याने वर सरकत, कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबून तो ऑक्टोबरच्या सुरुवातीला खुल्या समुद्रात शिरला. वारा अजून उलटलेला नव्हता. तोच समुद्र ओलांडायला या वेळी जवळजवळ तीन महिने लागले. ताजं अन्न संपलं, हिरड्या सुजल्या आणि तीसेक खलाशी स्कर्व्हीने गेले. ईशान्येचा वारा स्थिर होईपर्यंत तो थांबला असता, तर यातले बरेचसे वाचले असते. अरबी समुद्रातल्या व्यापाऱ्यांना हे गणित केव्हाचंच पाठ होतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकानयन पुस्तिकेत भारताकडे जाणाऱ्यांनी इजिप्तमधून जुलैच्या सुमारास निघावं असं स्पष्ट सांगितलेलं आहे.

भारतात केव्हा यावं, हा प्रश्न इतका जुना आहे. आज त्याचं उत्तर एका ओळीत मिळतं: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. परदेशी पाहुण्यांची सर्वाधिक गर्दी डिसेंबरात होते ती त्यामुळेच. हे उत्तर खोटं नाही, पण अर्धंच आहे. आठव्या अक्षांशापासून सदतिसाव्यापर्यंत पसरलेल्या, जवळपास ३३ लाख चौरस किलोमीटरच्या देशाला एकच मोसम लागू करणं मला पटत नाही. याच ‘उत्तम’ मोसमात गंगेच्या मैदानावर धुकं उतरतं. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत उत्तरेकडच्या गाड्या तासन्‌तास रखडतात, विमानं अडकतात आणि आग्र्याला पहाटे उठून गेलेल्या माणसाला ताजमहाल कित्येकदा दहा-अकरा वाजेपर्यंत धड दिसत नाही. नोव्हेंबरातल्या दिल्लीच्या हवेबद्दल तर सांगायलाच नको.

म्हणून प्रश्न उलटा विचारावा. तुमच्या हातात कोणता महिना आहे? तो सांगा, मुलूख त्यावरून ठरेल.

राज्यकर्त्यांनी नेमकं हेच केलं. १८६४ पासून कलकत्त्याचं सरकार उन्हाळ्यात सिमल्याला जाऊ लागलं, हे सर्वांना ठाऊक आहे. मुंबई सरकारची सोय त्याहून बारकाईची होती: एप्रिल-मे महाबळेश्वर आणि पाऊस लागला की पुणे. गणेशखिंडीतली आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे गव्हर्नरसाहेबांचा पावसाळी मुक्काम. पावसात महाबळेश्वर का सोडायचं, हे तिथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आठवडाआठवडा सूर्यदर्शन नाही, भिंतींना ओल. त्यापासून तीसेक किलोमीटरवर, घाट उतरून वाईला आलं की पाऊस काही शे मिलिमीटरवर येतो. ढगांनी आपलं पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरच ओतलेलं असतं. (देशाच्या हवामान खात्याचं मुख्यालयही एकेकाळी सिमल्याला होतं. १९२८ साली ते पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या जागेला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात.)

आपल्याकडची पंचांगंही प्रवासाची वेळापत्रकंच होती. चातुर्मासात भिक्षूंनी, संन्याशांनी एका जागी राहायचं, कारण वाटा चिखलाच्या आणि नद्या दुथडी भरलेल्या. दसऱ्याला सीमोल्लंघन, कारण तोवर नद्यांना उतार पडलेला आणि घोड्यांना चारा मुबलक. केदारनाथाचं मंदिर आजही भाऊबीजेला बंद होतं, देव उखीमठला उतरतात आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पुन्हा वर जातात. देवाचाच मुक्काम ऋतूप्रमाणे हलतो, तिथे पर्यटकाने हट्ट धरण्यात काय अर्थ?

आता आपली सहल. मराठी घराचा प्रवास शाळेच्या सुट्ट्यांना बांधलेला: मे आणि दिवाळी. दिवाळीत पुष्कळ जण रामेश्वर, कन्याकुमारी, पुदुच्चेरीची तिकिटं काढतात. पाऊस संपला, असा आपला समज. तो आपल्याकडचा संपलेला असतो. जून ते सप्टेंबर तमिळनाडूचा बराचसा भाग सह्याद्रीच्या आडोशाला कोरडा राहतो. ऑक्टोबरात वारे फिरतात, बंगालच्या उपसागरावरून येताना बाष्प घेतात आणि त्या किनाऱ्यावर बरसतात. चेन्नईचा निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो. २०१५ च्या डिसेंबरात ते शहर बुडालं, ते याच पावसाने. रामेश्वर जानेवारी-फेब्रुवारीत करावं. दिवाळीला राजस्थान, माळवा, हंपी किंवा आपलंच वेरूळ-अजिंठा गाठावं.

दिवाळीत आणखी एक फसगत कच्छात होते. पांढऱ्या रणाचे फोटो पाहून लोक धोरडोला पोहोचतात आणि समोर राखाडी चिखल असतो. पावसाळ्यात हे रण पाण्याखाली जातं. ते पाणी आटत जातं तसा मिठाचा थर वर येतो, पण सुरुवातीला तो पापडासारखा पातळ असतो. पाय ठेवला की खाली दबतो आणि बुटाला काळा गाळ लागतो. डिसेंबर सरता सरता तोच थर कडक होतो. मग पौर्णिमा बघून जावं.

जंगलांचं तर्कशास्त्र वेगळंच आहे. काझीरंगा पावसाळ्यानंतर उघडतं तेव्हा गवत हत्ती लपेल एवढं उंच असतं. हिवाळ्यात वनखातं ते जाळतं, कोवळे कोंब फुटतात आणि गेंडे उघड्यावर चरताना दिसू लागतात. म्हणून तिथे फेब्रुवारी-मार्च. ताडोब्याला एप्रिल-मे, चंद्रपूरचा पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना. पाणवठे आटून मोजकेच उरलेले असतात आणि वाघाला तिथे यावंच लागतं. माणसाच्या सोयीचा आणि वाघ दिसण्याचा मोसम एक नाही, हे आधी मान्य करून टोपी आणि पाणी बरोबर घ्यावं.

राहिला पावसाळा, आणि माझा खरा आग्रह याच ऋतूसाठी आहे. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या मुलांना सुट्टी जून ते ऑगस्ट, म्हणजे ऐन पावसात. इथले नातेवाईक त्यांना हळहळून सांगतात, ‘डिसेंबरात आला असतात तर!’ ही हळहळ अनाठायी आहे. हिमालयाच्या भिंतीपलीकडे लडाखला वर्षभरात साधारण शंभर मिलिमीटर पाऊस होतो, आणि तिकडचे रस्ते पूर्ण खुले असतात ते याच महिन्यांत. ५-६ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेहवर कोसळलेला पूर विसरू नये. नाल्याकाठी मुक्काम करू नये, हा त्याचा धडा. भिंतीच्या अलीकडचा हिमालय मात्र जुलै-ऑगस्टमध्ये टाळावा. २०१३ च्या जूनमध्ये केदारनाथला जो महापूर आला, त्यानंतर हे वेगळं पटवायची गरज नाही. अडचण एवढीच की व्हॅली ऑफ फ्लॉवर्स ऐन भरात येते ती याच दिवसांत. जायचंच असेल तर परतीच्या तिकिटाआधी दोन-तीन दिवस मोकळे ठेवा, आणि रस्ता बंद म्हटलं की वाद न घालता थांबा.

हे वेळापत्रक आता सरकतंही आहे. हवामान खात्याने २०२० साली मोसमी पावसाच्या सरासरी तारखा बदलल्या. मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरची ८ ऑक्टोबर झाली, तर राजस्थानच्या वायव्य टोकावरून माघार सुरू होण्याची १ सप्टेंबरची १७ सप्टेंबर. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याचं कोकणाचं आरक्षण करताना जुन्या आठवणींवर विसंबू नका.

आणि जुलैत दहा दिवस घेऊन कुणी आलंच, तर मी त्यांना आधी कोकण रेल्वेत बसवीन. दरडींच्या भीतीने गाड्या पावसाळी वेळापत्रकाने हळू धावतात, त्यामुळे बोगद्याबोगद्यांमधल्या दऱ्या नीट बघता येतात. आषाढी जवळ असेल तर दिवे घाटात माउलींची पालखी चढताना एक दिवस सोबत चालायला सांगेन, छत्री नव्हे, डोक्यावरून प्लास्टिकचं इरलं घेऊन, वारकरी घेतात तसं. उरलेले दिवस लडाखला. मुंबईहून लेहची तिकिटं तेवढी आधी काढायची, कारण या महिन्यांत ती स्वस्त नसतात.