बॅटरीच्या सायकलचा पुढचा चिमटा

डेअरीवर दूध घालायला, मुलीला चार-सहा किलोमीटरवरचे हायस्कूल गाठायला आता काही घरांतून बॅटरीवर चालणारी सायकल आली आहे. घेताना आपण विचारतो ते एकच : एका चार्जिंगमध्ये किती जाते? पुढच्या चिमट्याकडे कोणी वाकून पाहत नाही. वास्तविक पुढचे चाक धरून ठेवणारा तोच.

साध्या सायकलचा चिमटा म्हणजे दोन लोखंडी पाय. या सायकलींना मात्र पुष्कळदा नळीत नळी आणि आत स्प्रिंग असलेला, म्हणजे शॉकअपचा चिमटा असतो. मोटर-बॅटरीमुळे सायकलचे वजन २० ते २५ किलोपर्यंत जाते. शिवाय पायांना शीण नाही, त्यामुळे खड्ड्यापाशी वेग आवरायचे भान राहत नाही. तो सारा मार चिमटा खातो.

तो आपल्या वजनाला जुळवून घेणे घरी जमते. आधी टायरमध्ये हवा नीट भरा. मग आतल्या चकचकीत नळीवर दोरा आवळून बांधा आणि खालच्या रबरापर्यंत सरकवा. सायकल कोणीतरी धरावी. जिला रोज चालवायची तिने दप्तरासह अलगद बसावे, तसेच अलगद उतरावे. दोरा रबरापासून जेवढा वर गेला तेवढा चिमटा दबला. चिमट्याची पूर्ण चाल ६० मिलिमीटर असेल, तर १० ते १५ मिलिमीटर दबणे ठीक. जास्त दबला तर नळीच्या माथ्यावरची फिरकी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा, कमी दबला तर उलट. ४० किलोच्या मुलीसाठी लावलेली फिरकी ७५ किलोच्या वडिलांना चालणार नाही, हे लक्षात असू द्या. फिरकी पुरी आवळूनही चिमटा फार दबत असेल, तर स्प्रिंगच बदलावी लागते.

काही चिमट्यांना दुसऱ्या नळीवर चाल बंद करणारा खटका असतो. तो डांबरी रस्त्यापुरता. पाणंदीला लागण्याआधी उघडा. आणि दुधाची किटली हँडलला अडकवू नका, मागच्या कॅरिअरवर बांधा.

आता निगा. चिमट्याचा खरा वैरी धूळ. चकचकीत नळीवर बसलेली माती रबराखाली शिरते आणि कानशीसारखी नळी घासते. म्हणून घरी आल्यावर कोरड्या फडक्याने दोन्ही नळ्या पुसा. एवढे काम घरातले पोरही करील. मोटारपंपाच्या पाइपाने धारेचे पाणी मारू नका. खताच्या पोत्यांशेजारी सायकल ठेवू नका, नळीला गंज चढतो. रॉकेल, डिझेल किंवा इंजिनचे जुने ऑईल तर मुळीच नको : रबर फुगते, तेलावर धूळ चिकटते, आणि तेच तेल ओघळून ब्रेकच्या चकतीवर गेले तर उतारावर ब्रेक लागत नाही. तेल प्यालेले पॅड पुसून भागत नाही, बदलावेच लागतात. पावसाळा सरला की चिमटा दुकानात उघडून जुने ग्रीस काढून नवे भरून घ्यावे.

महिन्यातून एकदा पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. खडखड वाजले तर हँडलचे कप-कोन सैल आहेत किंवा नळ्या झिजल्या आहेत.

जुन्या सायकलला बसवायचे मोटरचे संचही बाजारात मिळतात. त्यांतली पुढच्या चाकातली मोटर शॉकअपच्या चिमट्यात बसवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मोटर चाक पुढे रेटते तेव्हा आस उलट फिरू पाहते; ॲल्युमिनियमची खाच रुंदावते, वायर पिळून तुटते, चाक निसटूही शकते. आधीच बसवली असेल तर आस चिमट्याला जखडणारी लोखंडी पट्टी आहे ना, हे पाहा, आणि दर आठवड्याला दोन्ही नटांना पाना लावा. खाचेशी केसाएवढी भेग दिसली तरी वेल्डिंग करून घेऊ नका. चिमटा बदला, आणि नवा संच घेणार असाल तर मागच्या चाकाचा घ्या.