घरातील यंत्रे : पत्ता आणि कुलूप



इंटरनेटवरील जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४२९ कोटीच. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. या टंचाईमुळे घरातली सर्व यंत्रे राउटरचा एकच पत्ता वापरतात, एका वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखी. त्यामुळे परक्याला सरळ आत शिरणे अवघड जाते. नव्या आयपीव्ही६ पद्धतीत पत्ते विपुल आहेत. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता, म्हणजे रस्त्यावरचे दार मिळते.

२०१६ मध्ये ‘मिराय’ या घातक प्रोग्रामने कंपनीचेच पासवर्ड राहिलेले लाखो कॅमेरे व राउटर बळकावले. खरे तर कंपनीनेच यंत्र कुलूपबंद करून विकावे. तोवर विद्यानगरातील प्रत्येक घरी पासवर्ड बदलावा व राउटरची फायरवॉल चालू ठेवावी, ही आमची विनंती.