फुलांचा वास कोणासाठी?

संध्याकाळची वेळ आहे. गुरे गोठ्यात आली आहेत. दिवेलागण झाली आहे. आपण ओट्यावर जरा टेकलो आहोत. इतक्यात वाऱ्याची झुळूक येते आणि रातराणीचा वास घरभर पसरतो. हेच झाड दिवसभर दारात उभे होते. तेव्हा त्याचा वास जाणवत नव्हता. मग रात्रीच तो का यावा?

आपल्याला वाटते, फुले माणसासाठी उमलतात. देवाला वाहावी, बायकांनी केसांत माळावी, म्हणून त्यांना वास असतो. पण रानात फुले कोण माळते? तिथेही ती दरवळतातच. म्हणजे हा वास आपल्यासाठी नव्हे. तो कोणासाठी, ते आज पाहू.

झाडाची अडचण

झाडाला पाय नाहीत. एका जागी उभे राहूनच त्याला आपला वंश वाढवायचा असतो. फुलात बारीक पूड असते. बोट लावले तर बोट पिवळे होते. या पुडीला पराग म्हणतात. पराग फुलातल्या मधल्या दांडीच्या टोकाला लागला, म्हणजे बी धरते, फळ भरते. भोपळा, काकडी, कारले यांच्या वेलावर तर नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे. मग या फुलातला पराग त्या फुलात न्यायचा कोणी?

काही झाडांचे काम वारा करतो. मक्याचा तुरा हलला की पूड उडते आणि कणसाच्या केसांवर पडते. वाऱ्याला काही बोलावणे धाडावे लागत नाही. म्हणून मक्याच्या तुऱ्याला ना रंग, ना मोगऱ्यासारखा वास. पण भोपळ्याचा पराग जड आणि चिकट. तो वाऱ्याने उडत नाही. त्याला न्यायला मधमाशीच हवी.

वास म्हणजे बोलावणे

लग्नघरी अक्षत देऊन पाहुण्यांना बोलावतात. फूल वासाने बोलावते. पाकळ्यांत अगदी थोडे सुगंधी तेल असते. त्याची वाफ होऊन ती हवेत मिसळते आणि वाऱ्याबरोबर दूर जाते. झाडोऱ्यात लपलेले फूल दिसत नाही, पण त्याचा वास पोचतो.

मधमाशीला आपल्यासारखे नाक नाही. तिच्या डोक्यावर दोन बारीक मिशा असतात. त्यांनीच ती वास घेते. वासाच्या मागाने ती फुलावर येते, मध पिते. तेवढ्यात तिच्या अंगावरच्या लवेला पराग चिकटतो. पुढच्या फुलावर ती बसली की तो तिथे लागतो. माशीला मध मिळाला, झाडाला बी मिळाले. कोणाचे कोणावर उपकार नाहीत. रोख व्यवहार आहे.

कार्ल फॉन फ्रिश नावाचे एक ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ होते. त्यांनी एका वासाच्या खोक्यात साखरेचे पाणी ठेवले. माश्या तिथे येऊ लागल्या. मग शेजारी दुसऱ्या वासांची खोकी मांडली. माश्या ओळखीच्या वासाच्या खोक्यातच शिरल्या. त्यांनी आणखी एक मौज पाहिली. चांगली फुले सापडलेली माशी पोळ्यावर परत येते आणि नाच करून जागेची दिशा सांगते. तिच्या अंगाला त्या फुलांचा वास लागलेला असतो. तो हुंगून बाकीच्या माश्या नेमक्या त्याच फुलांवर जातात. या कामाबद्दल फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

रात्रीचे पाहुणे

आता रातराणीकडे वळू. तिचे पाहुणे म्हणजे रात्री उडणारे पतंग. दिवसा वास सोडून तिला काय उपयोग? अंधारात गडद रंग उठून दिसत नाही. म्हणून रात्री उमलणारी बरीच फुले पांढरी किंवा फिकी असतात आणि त्यांचा वास तीव्र असतो. दुधी भोपळ्याचे पांढरे फूलही संध्याकाळीच उमलते. कित्येक फुलांचा वास तर पराग लागल्यावर कमी होतो. काम झाले, आता बोलावणे कशाला?

सगळेच वास गोड नसतात. सुरणाचे फूल उमलले की सडक्या मांसासारखी घाण येते. आपण नाक धरतो. पण मेलेल्या जनावरावर जाणारे भुंगेरे आणि माश्या त्या वासाला भुलून धावत येतात. हे फूल आतून ऊबसुद्धा धरते, त्यामुळे वास लांबवर पसरतो. पाहुण्यांना मांस मिळत नाही, पण फुलाचे काम होऊन जाते. जसा पाहुणा, तसे बोलावणे!

आमची चूक

शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही परसात तांबड्या भोपळ्याचे वेल लावले. वेल छान पसरले. पानांवर थोडी कीड दिसली. आम्ही औषध आणले आणि रोज सकाळी आठच्या सुमारास फवारू लागलो. आठवड्याभरात कोवळी फळे पिवळी पडून गळू लागली. कोणी म्हणाले खत कमी पडले, कोणी म्हणाले दृष्ट लागली.

शेजारच्या आजीबाई कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "गुरुजी, औंदा तुमच्या वेलावर माशी दिसंना. मग फळ धरंल कसं?"

आम्ही खाली वाकून पाहिले. वेलाखाली मेलेल्या मधमाश्या पडल्या होत्या. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते. माश्या येतात त्याच वेळी आम्ही विष मारत होतो. फुलाने पाहुणे बोलावले आणि आम्ही दारातच त्यांना मारले. चाळीस वर्षे पोरांना शिकवले, पण हे आजीबाईंकडून शिकलो.

मग आम्ही फवारणी थांबवली. सकाळी नर फूल खुडून त्याची पूड मादी फुलाच्या तोंडाला हाताने लावू लागलो. मादी फूल ओळखणे सोपे आहे. त्याच्या खाली इवलासा भोपळा असतो. काही फळे वाचली. पण जे काम माश्या फुकट करत होत्या, त्यासाठी आम्हाला रोज पहाटे उठावे लागले.

आपण काय करावे?

पीक फुलावर असताना होईल तो फवारणी करू नये. करावीच लागली, तर त्या फुलाचे पाहुणे कोणत्या वेळी येतात ते आधी पाहावे. भोपळ्यावर सकाळी फवारू नये, संध्याकाळी फवारावे. दुधीचे तसे नाही. त्याचे पाहुणे संध्याकाळी येतात. वेलावरच्या नर फुलांना वांझ समजून सगळी खुडू नये. मोहोळ जाळू नये. बांधावर चार फुलझाडे राहू द्यावी, म्हणजे पीक नसतानाही माश्यांना खायला मिळते.

कांद्याचे बी धरणाऱ्यांनी तर हे पक्के ध्यानात ठेवावे. मधमाश्या आल्या नाहीत, तर कांद्याचे गोंडे दिसायला भरगच्च आणि आत बी मात्र थोडे, असे होते.

महाबळेश्वरजवळच्या मांघर गावाला २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून मान मिळाला. तिथले लोक मधमाश्या पाळून चार पैसे मिळवतात. आपल्याला पेट्या ठेवणे जमले नाही तरी चालेल. माश्यांना मारू नये, एवढे तर जमेल?

आज रात्री रातराणीचा वास आला, की जरा थांबा. तो वास आपल्यासाठी नाही. अंधारातून कोणी छोटा पाहुणा येत असेल. त्याची वाट मोकळी ठेवा.