झुंजीचा आनंद : राक्षसवधाच्या पोलिश कथा आणि ग्रुनवाल्डचे मैदान

वीररसाचा स्थायी भाव उत्साह होय, क्रोध नव्हे, हे भरताचे मत साहित्यशास्त्राच्या अभ्यासकांस परिचित आहे. क्रोध हा रौद्राचा स्थायी. शस्त्र उगारलेले दोन पुरुष बाहेरून सारखेच दिसले तरी एकाच्या ठिकाणी वीर व दुसऱ्याच्या ठिकाणी रौद्र असू शकतो, असा याचा अर्थ. हा भेद केवळ पुस्तकी वाटण्याचा संभव आहे. परंतु झुंजीपासून मनुष्यास होणाऱ्या आनंदाचे स्वरूप ठरवावयाचे झाल्यास तो फार उपयोगी पडतो. त्या आनंदाविषयी एक जुना संशय आहे. तो अखेर हिंसेचाच आनंद असून त्यावर सभ्यतेचा मुलामा तेवढा चढविलेला असतो, असे पुष्कळांस वाटते. या संशयाची तपासणी करण्यास पोलंड हा देश विशेष सोयीचा आहे. राक्षसांची शिकार करणाऱ्या एका नायकाच्या, आज अनेक भाषांत वाचल्या जाणाऱ्या कथा तेथे लिहिल्या गेल्या, आणि एक मध्ययुगीन लढाई मैदानावर पुन्हा लढून दाखविण्याचा मोठा उपक्रमही तेथेच चालतो.

आंजेय सापकोव्हस्की यांची ‘व्येजमिन’ ही कथा १९८६ च्या डिसेंबरात ‘फान्तास्तिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिचा नायक गेराल्ट हा मोबदला ठरवून राक्षस मारणारा व्यावसायिक आहे. राजा फोल्टेस्टची कन्या शापामुळे स्ट्रिगा, म्हणजे रात्री थडग्यातून उठून माणसे खाणारी पिशाची, झालेली असते. तिला ठार न मारता शापमुक्त करावे अशी राजाची इच्छा. कथेचा बराच भाग चौकशी, घासाघीस आणि तयारी यांतच जातो. कोंबडा तिसऱ्यांदा आरवेपर्यंत तिला तिच्या शवपेटीत परत येऊ द्यावयाचे नाही, हा उपाय वाचकास आधीच कळलेला असतो. प्रत्यक्ष झुंजीस त्या मानाने थोडी पाने पुरतात. आणि सर्व संपले असे वाटते तेव्हाच, मानवरूपात आलेल्या मुलीवर गेराल्ट वाकला असता ती नखांनी त्याची मान फाडते. वाचकाच्या अंगावर काटा उभा राहतो तो आघातांच्या वर्णनाने नव्हे. नायकास काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही, यांच्यामधील अंतराने.

‘मिएच प्शेझ्नाचेन्या’ या १९९२ च्या संग्रहातील पहिल्या कथेत तर लेखकाने झुंज अजिबात दाखविलेली नाही. गेराल्ट बासिलिस्क नावाच्या प्राण्याला मारण्यासाठी तळघरात उतरला आहे. गावकरी बाहेर उभे आहेत. तो आता काही परत येत नाही असे ठरवून त्यांचा डोळा त्याच्या घोड्यावर व सामानावर आहे. थोड्या वेळाने तो मेलेले धूड घेऊन वर येतो. आत काय घडले ते वाचकास कधीच कळत नाही, आणि तरीही प्रसंगातील थरार उणा पडत नाही. युद्ध, मरण, राज्यनाश व नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकाने सुचवाव्यात, असा नाट्यशास्त्राचा दंडक आहे. तो सापकोव्हस्की यांस ठाऊक असण्याचे कारण नाही. तथापि त्या दंडकाचे समर्थन करावयास यापेक्षा चांगले उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

आता ग्रुनवाल्ड. १५ जुलै १४१० रोजी येथे पोलंड व लिथुएनिया यांच्या संयुक्त सैन्याने ट्यूटॉनिक सरदारसंघाचा पराभव केला आणि संघाचा मुख्याधिपती उलरिख फॉन युंगिंगेन रणात पडला. पुढे पोलंड तीन साम्राज्यांत वाटला गेला असता यान मातेइको यांनी १८७८ मध्ये पूर्ण केलेल्या भव्य चित्राने आणि १९०० मध्ये ग्रंथरूप झालेल्या सिएंकिएविच यांच्या कादंबरीने या विजयाची आठवण जागती ठेवली. (लढाईपूर्वी ट्यूटॉनिक दूतांनी राजा यागिएलो व लिथुएनियाचा व्हितौतास यांस हिणविण्यासाठी दोन नग्न तलवारी पाठविल्या होत्या. गेराल्टही दोन तलवारी बाळगतो, एक पोलादी व एक रुपेरी. परंतु एवढ्या साम्यावरून काही सिद्ध करू पाहणे धाडसाचे होईल.) १९९८ पासून जुलै महिन्यात या मैदानावर लढाईची पुनरावृत्ती होत आली आहे. शेकडो स्त्रीपुरुष स्वखर्चाने तयार केलेली वस्त्रे, चिलखते व शस्त्रे घेऊन येतात आणि राहुट्यांत मुक्काम करतात.

येथे तलवारीच्या कडा बोथट असतात आणि टोकाने भोसकणे सामान्यतः वर्ज्य असते. भरतानेही रंगभूमीवरील शस्त्रप्रयोगासाठी भारत, सात्वत, वार्षगण्य व कैशिक असे चार न्याय सांगितले, आणि छेद, भेद वा रक्तस्राव न करता प्रहार केवळ संज्ञेने दाखवावा अशी आज्ञा केली. ग्रुनवाल्डचा योद्धा या आज्ञेच्या सीमेवर उभा असतो. त्याचा प्रहार आवरलेला असला तरी संज्ञामात्र नसतो. पूर्ण चिलखताचे वजन वीस-पंचवीस किलो भरते. आत जाड गादीवजा अंगरखा. बाहेर जुलैचे ऊन. शिरस्त्राणाच्या फटीतून जगाचा अरुंद पट्टा तेवढा दिसतो आणि स्वतःचाच श्वास कानात घुमतो. निकाल सहाशे वर्षांपूर्वी लागलेला आहे हे त्याच्या बुद्धीला ठाऊक असते, बाजूने आलेला आघात सोसणाऱ्या खांद्याला ठाऊक नसते.

अभिनवगुप्ताने नटास ‘पात्र’ का म्हणतात याचे मार्मिक स्पष्टीकरण केले आहे: मद्याचा आस्वाद पेल्याला मिळत नाही, पिणाऱ्याला मिळतो. रस प्रेक्षकाचा, नट हा केवळ आधार. कथेच्या वाचकाविषयी येथे अडचण नाही. तो निर्भयपणे भयाचा आस्वाद घेतो. मैदानावरील योद्धा मात्र या विवेचनात बसत नाही, कारण तेथे पेलाच पिऊ पाहतो. त्याला मिळणारा आनंद शास्त्राच्या भाषेत लौकिकच म्हणावा लागेल : श्रमाचा, शेजारच्या ढालीवरील विश्वासाचा, भय आवरल्याचा. पण तो क्रोधाचा नव्हे. ज्याला खरोखर राग येतो त्याच्या हातून प्रहाराचे माप सुटते, आणि मग त्याच्याबरोबर लढणे कोणासच नको असते. हिंसेच्या आनंदाचा संशय निदान येथे टिकत नाही.

प्रहार खरे करून पाहण्याचाही प्रयत्न झालेला आहे. २०१० मध्ये युक्रेनमधील खोतिनच्या किल्ल्यात ‘राष्ट्रांची लढाई’ या नावाने चिलखती योद्ध्यांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांस आरंभ झाला. त्यांत शस्त्रे बोथटच असली तरी घाव पूर्ण शक्तीने घातले जातात, आणि पायांखेरीज शरीराचा आणखी एखादा भाग भूमीस टेकला की योद्धा बाद. येथे निकाल अगोदर ठरलेला नसतो. परंतु निकाल खुला होताच १४१० हे वर्ष हातातून निसटते. उरतो तो मध्ययुगीन वेषातील मल्लविद्येसारखा खेळ. इतिहास राखावा तर घाव आवरावा लागतो. घाव राखावा तर इतिहास सोडावा लागतो. कथेला ही निवड करावी लागत नाही, म्हणून ती दोहोंपेक्षा अधिक भिववू शकते. पण तिच्या वाचकाला घाम येत नाही.

राहता राहिला प्रश्न ट्यूटॉनिक पक्षाचा. शुभ्र अंगरख्यावर काळा क्रूस धारण करून पराभूत होण्यासाठी उभे राहणाऱ्यांत पोलिश माणसेही असतात. विजयाची आशा हा उत्साहाचा आधार मानावा, तर या लोकांपाशी ती मुळीच नाही. तरीही ते पुढल्या जुलैसाठी चिलखताचे चामडी पट्टे तेल लावून ठेवतात, आणि कोणीतरी युंगिंगेन होऊन पडण्यास पुन्हा तयार होतो.